पाठमोऱ्या आईचं वाक्य

“उपाशी पोराले ‘जा, झोप’ म्हनाचं? माह्या तोंडून नाही निघनार.”

“आई, तो पोरगा चित्रातला आहे. चित्राले भूक नाही लागत.”

“मंग चित्राले माय तरी कायले पाह्यजे?”

तृप्तीनं कपाळावर हात मारला. नागपूरची गाडी तासाभरात होती. आई पोपटी साडी नेसून, वेणी घालून सकाळपासून तयार होती. आणि आता एका वाक्यावरून अडून बसली होती.

एक जपानी कार्टून मालिका मराठीत येऊन राहिली होती. साधं घर, दोन पोरं आणि सारखी रागावणारी आई. नाटक शिकलेली तृप्ती नागपुरात त्यातली बारकी कामं बोलायची. मालिकेतल्या आईचा आवाज द्यायला आलेल्या साऱ्या बाया गोड रागवत होत्या. दिग्दर्शक वैतागले, तेव्हा तृप्तीनं त्यांना फोनवर खरंखुरं रागावणं ऐकवलं, आपल्या आईचं, उर्मिलाचं. ते म्हणाले, “ह्यांनाच आणा. बोली अशीच राहू द्या.”

उर्मिला माहेरची रामाकोन्याची. लग्न होऊन पांढुर्ण्यात आली आणि संत्री निवडणाऱ्या बायांची मुकादम झाली. मोठ्या ढिगात बारकं संत्रं पडलं की तिचा आवाज दारातल्या ट्रकपर्यंत जायचा. संवाद यायचे होते, तरी आठ दिवस ती संत्री निवडता निवडता मनानंच जपानी पोट्ट्याला झापत होती आणि बाया हसून लोळत होत्या. “मले टीव्हीवर बोलाचं हाये,” ती येईल त्याला सांगत होती.

गल्लीतल्या पोरांना ह्या आवाजाची दहशत होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला जाम नदीच्या अलीकडं पांढुर्णा आणि पलीकडं सावरगाव एकमेकांवर फेकायला गोटे घेऊन उभं राहिलं, की उर्मिला गल्लीतली सारी पोट्टी आपल्या अंगणात कोंडायची. दाराला कुलूप, किल्ली कमरेला. भिंतीवर चढणाऱ्याचा पाय धरून खाली ओढायची. पण आधी पुरणपोळी, मग शिव्या. हा क्रम तिनं कधी मोडला नाही.

आज सकाळी संवाद आले आणि क्रम मोडला. पोरगा नवे बूट नदीत घालवून येतो. आई त्याला जेवायला न देता झोपायला पाठवते.

तृप्तीनं दिग्दर्शकांना फोन लावला. ते म्हणाले, “ओठ हलतात तिथं तेच वाक्य पाहिजे, चित्र कसं बदलणार? नसेल जमत तर आत्ताच सांग. दुसऱ्या बाई बसल्यात इथं.”

उर्मिलानं ते ऐकलं. हळूच वेणीवरचा हात खाली आणला. मग म्हणाली, “लाव पुन्हा थे.”

फोनच्या पडद्यावर आईनं बोट नाचवलं. पोरगा रडत आत गेला. आई वळून मोरीपाशी तांदूळ धुवायला लागली.

“थांबव. आता काय म्हनून राहिली थे?”

“काही नाही. पाठ आहे ना इकडं.”

“मंग बोलतच असन.”

“नाही गं, मूळ चित्रात ती गप्प…” तृप्ती मधेच थांबली. पाठ. म्हणजे ओठ दिसत नाहीत. म्हणजे तिथं काहीही बसतं. “आई, मधात थांबू नको. ते वाक्य म्हण, आणि पाठ फिरली की तुले वाटते ते बोल.”

उर्मिला चुलीकडं वळली. “जा, झोप,” अशी कडाडली की दारातली कोंबडी पळाली. मग तशीच पाठमोरी, हळू आवाजात म्हणाली, “ताट झाकून ठेवलं हाये. माह्या समोर नको खाऊ, मी रागात हावो.”

तृप्तीनं ते फोनमध्ये घेऊन पाठवलं. दोघी फोनकडं बघत उभ्या राहिल्या. तो वाजला. दिग्दर्शक होते.

“ठेवू हे. गाडी चुकवू नका.”

तृप्तीनं आईला मिठीच मारली. “सोड, साडी चुरगळन,” म्हणत उर्मिला पिशवी भरू लागली. पण तृप्तीची नजर चुलीजवळच्या ओट्यावर गेली होती.

“आई, एका गोटमारीले मी भिंतीवरून पळाली होती. त्या दिवशी तू माह्याशी बोललीच नाही. ताट मात्र ह्याच ओट्यावर झाकलेलं होतं.”

“मंग?”

“तू तिकडं तोंड करून भाकरी थापत होती. तेव्हा काही म्हणत होती काय गं?”

उर्मिलानं पोळीभाजीचा डबा तिच्या हातात कोंबला, चपला पायात सरकवल्या आणि पोपटी पदर खोचत स्टेशनच्या वाटेला लागली.