घेवरसेठची करकर

जगदेवला नाही म्हणता येत नसे. दोष एवढा एकच, पण बाकीचे सगळे गुण त्याच्या पायी मातीत गेले. एक जण रेडिओ घेऊन यायचा, म्हणायचा आजच पाहिजे. हा म्हणायचा, देतो. दुसरा यायचा, म्हणायचा आधी माझा कर. त्यालाही हो. मग दोघं बाकावर बसून एकमेकांकडे डोळे वटारत, आणि ऐकून घ्यायला मी. कारण आमच्या अकोल्याकडच्या मालेगावच्या बसस्टँडसमोर आमचं दोघांचं मिळून दुकान एकच होतं. अर्ध्यात माझं शिलाई मशीन, अर्ध्यात त्याचा रेडिओचा पसारा, आणि मधे एक जुनी चादर. ती चादरही मीच टांगली होती. त्याला पसारा दिसायचाच नाही.

गडी जवळच्या रिठद गावचा. घरी शेती होती, पण भाऊ उदंड, आणि याचं लक्ष बैलांपेक्षा पाटलाच्या रेडिओत. अकोल्याला एका रेडिओवाल्याच्या हाताखाली राहून काम शिकला आणि मालेगावात येऊन बसला. लांबोडका, खांदे वाकलेले, बोलणं इतकं हळू की समोरच्याला वाटावं हा स्वतःशीच बोलतो आहे. त्याची एक सवय होती. रेडिओ कशासाठीही येवो, नुसती वायर तुटलेली का असेना, हा आधी तो उघडून आतून झाडून काढणार. कुंचला, फुंकणी, ब्लेडीनं खरडणं, स्पिरिटचा बोळा. मी म्हणायचो, लेका, लोक रेडिओ ऐकायला घेतात, त्याला आंघोळ घालायला नाही. तो हसायचा आणि खरडत राहायचा.

सत्त्याहत्तर साल असावं. दिवाळी होऊन गेली होती. घेवरचंद सेठांच्या घरून बोलावणं आलं. सेठ म्हणजे आमच्या गावातले जुने आडते. खाली धान्याची आडत, वर घर. त्यांच्याकडे एक स्टेरिओ रिसिव्हर होता. विलायती मशीन, मुलानं, म्हणजे कैलासचंदनं, मुंबईहून कुणाकडून तरी वापरलेला आणला होता. पुढे चकचकीत बटणांची रांग, दोन बाजूंना दोन स्पीकरच्या पेट्या. आता आकाशवाणीवाले एकच आवाज पाठवणार, तो एका पेटीतून ऐकला काय आणि दोन्हींतून ऐकला काय! पण गावाला कौतुक होतं. मशीन जड म्हणून जगदेवनं मला सोबत घेतलं.

घेवरसेठांना लकवा मारून बराच काळ झाला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा पंजापासून थोडा हलायचा. कैलासचंद मुलगा चांगला, हे मी मुद्दाम सांगतो. घरचा कर्ता माणूस मागच्या खोलीत पडून राहावा हे त्याला पटलं नाही. रोज सकाळी बापाला न्हाऊ घालून, पांढरी टोपी चढवून तो बैठकीतल्या गादीवर तक्क्याला टेकवून बसवायचा. डाव्या हाताशी, ठेंगण्या टेबलावर हा रिसिव्हर. सेठांना पहिल्यापासून बाजारभाव ऐकायची सवय होती, म्हणून तो दिवसभर चालूच असायचा.

आम्ही गेलो तेव्हा कैलासचंद खाली आडतीत होता. जगदेवनं रिसिव्हर लावला आणि एकेक बटण फिरवून पाहू लागला. सगळीच कुरकुरत होती. आडतीतली धूळ, तुरीचा भुसा, सगळं उडून वरच येत होतं. मग त्यानं टोनचं, म्हणजे आवाज जाड-बारीक करायचं, बटण फिरवलं, सेठांच्या हाताला सगळ्यात जवळ होतं ते. करकर, करकर. घरभर ऐकू गेलं. तेवढ्यात आतून जतनबाई, सेठांच्या पत्नी, पदर डोक्यावर ओढत धावत आल्या. हाताला कणीक तशीच. आधी त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग बटणावरच्या जगदेवच्या हाताकडे.

“तू होय,” त्या म्हणाल्या आणि खालीच बसल्या.

मग त्यांनी सांगितलं ते असं. सेठांनी त्यांना जन्मात नावानं हाक मारली नव्हती. आमच्याकडे त्या काळी कोणता नवरा अशी हाक मारत होता? सेठ आतल्या दाराशी येऊन घसा खाकरायचे, आणि या हातातलं काम टाकून पुढे व्हायच्या. चाळीसेक वर्षांचा संसार त्या खाकरण्यावर झाला. लकव्यात ते खाकरणंही गेलं. आणि एके दिवशी या बैठकीतून करकर ऐकू आली. पाहतात तर सेठांचा पंजा बटणाच्या कडेला घासत होता, आणि ते दाराकडे बघत होते. पाणी हवं असेल, कूस बदलायची असेल, लघवीला लागली असेल, की ती करकर व्हायची.

मी म्हटलं, भिंतीला विजेची बेल लावलेली दिसते की. बटण त्यांच्या हाताशीच होतं.

“कैलासनं लावून देल्ली. पन बेल तं गड्यायले बुलवाले असते,” जतनबाई म्हणाल्या. “हे तिले हात नाही लावत. कैलासले म्या सांगतलं, तुहे बाबूजी मले बुलावतेत. तो म्हन्ते, हात आपोआप हालते. जगदेव, तेवढं एक बटन साफ करू नोको बापू. त्यायची तेवढीच हाक राह्यली.”

“नाही करत, माय,” जगदेव म्हणाला. त्याला नाही म्हणायला सांगितलं तरी तो होच म्हणणार, असं माझ्या मनात आलं. पण हे त्यानं मनापासून म्हटलेलं होतं.

कैलासचंद वर आला. त्याच्या मुलीला, हिराला, पाहायला कारंज्याचे पाहुणे यायचे होते. मोठं घर, जुनी पेढी. मागच्या खेपेला कोणी पाहुणे आले असताना मधेच ती करकर झाली होती आणि एक बाई दचकून उठली होती. म्हणून मशीन नव्यासारखं झालं पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं. काय वाईट होतं त्यात?

दुकानात आणून जगदेवनं त्याचं झाकण काढलं. आत धुळीचा असा थर बसला होता की रिसिव्हर गोधडी पांघरून झोपला आहे असं वाटावं. कोपऱ्यात पालीची दोन अंडी होती. जतनबाईंनी बजावलंच होतं की आत एखादा जीव निघाला तर मारू नको. त्यानं ती कापसात घेऊन मागच्या भिंतीच्या खोबणीत ठेवून दिली. शेजारच्या हरिसिंगाच्या सायकल दुकानातून पंप आणला आणि धूळ उडवली. माझे नवे शिवलेले पायजमे पांढऱ्याचे भुरे झाले. मी बोंबललो, त्यानं ऐकलं नाही. बँड बदलायच्या बटणामागचे पितळी काटे शाळेच्या खोडरबरानं घासले. मग इंजेक्शनच्या सुईनं एकेका कंट्रोलच्या, म्हणजे बटणामागच्या डबीच्या, पोटात स्पिरिट सोडून ते पुढेमागे फिरवत बसला. आतली काळी घाण विरघळून बाहेर यायची, तो पुसायचा आणि पुन्हा सोडायचा. टोनच्या कंट्रोलपाशी आला तेव्हा थांबला, आणि माझ्याकडे एक चिंधी मागितली. ती त्यानं त्या कंट्रोलला गुंडाळून दोऱ्यानं बांधली. शेजारचा एखादा थेंब चुकून त्याच्यावर उडू नये म्हणून. घाण पुसायला चिंधी सगळेच मागतात. घाण वाचवायला चिंधी मागणारा मी एवढा एकच पाहिला.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी आम्ही मशीन पोचवलं. कैलासचंदनं स्वतः लावून पाहिलं. आवाजाचं बटण फिरवलं, मऊ लोण्यासारखं. दुसरं फिरवलं, तेही. खूष झाला. मग टोनचं.

करकर.

“जगदेव, हे एक राह्यलं,” तो म्हणाला.

आणि माझ्या देखत जगदेवनं आयुष्यात पहिल्यांदा कोणाला अडवलं. “राहू द्या सेठ,” तो म्हणाला. “थे त्यायची हाक हाये.”

कैलासचंदनं बटणावरून हात काढला. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं जगदेवच्या खांद्यावर हात ठेवला.

“अकोल्याच्या डाक्टरनं पायलं बाबूजीले. त्यायले आता काहीच समजत नाही रे. माँचं मन मानत नाही, म्हनून थे असं म्हन्ते. मले का वाटत नाही? पन आज पाहुने येऊन राह्यले. करून टाक.”

आतल्या दारात जतनबाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “कैलास, तेवढं राहू दे.”

“माँ, तू आत जा,” तो म्हणाला. अगदी प्रेमानं म्हणाला. त्या आत गेल्या.

जगदेवनं माझ्याकडे पाहिलं. मी शिंपी माणूस, मी काय बोलणार? आणि बोललो असतो तरी कोण ऐकणार होतं? त्यानं झाकण काढलं, चिंधी सोडली, सुई आत घातली. बटण पुढेमागे फिरवू लागला. करकर झाली, मग नुसती कर, मग बारीक खर, आणि मग काहीच नाही. सेठ तक्क्याला टेकून त्याच्या हातांकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांतून लकवा झाल्यापासून कायमच पाणी गळायचं, त्यामुळे ते कशाचं हे मला सांगता येणार नाही.

पाहुणे आले. चहा झाला, फराळ झाला, मुलगी पसंत पडली. रिसिव्हर हळू आवाजात चालू होता आणि पाहुणे त्याचं कौतुक करत होते. मी लग्नाच्या कपड्यांची मापं घ्यायला थांबलो होतो, म्हणून पाहिलं. सेठांचा पंजा त्या बटणाशी सारखा हलत होता. गाणं जरा जाड व्हायचं, जरा बारीक व्हायचं, बाकी काही नाही. एक पाहुणा म्हणाला, बाबूजींना गाण्याची आवड दिसते. सगळे हसले. आत जतनबाई पुऱ्या तळत होत्या. उठताना एका बाईनं नाकाला पदर लावला तेव्हा सगळ्यांचं लक्ष गेलं. गादी ओली झाली होती.

कैलासचंदनं पाहुण्यांची माफी मागितली आणि बापाचं धोतर स्वतःच्या हातानं बदललं. मला हळूच म्हणाला, पाह्य, डाक्टर खरंच म्हनत होता. माझ्या तोंडावर आलं होतं की अरे बाबा, तासभर ते हेच सांगत होते. पण मापाची पट्टी गळ्यात घालून मी जिना उतरलो. माझा मलाच संताप आला होता.

त्या दिवसापासून जतनबाईंनी चूल सुनेवर सोपवली आणि सेठांच्या गादीजवळ बसून राहू लागल्या. दळण नाही, देऊळ नाही. गाव म्हणू लागलं, काय पतिभक्ती! सेठ मात्र बटणाकडे हात नेईनासे झाले.

इकडे जगदेवचं कामात लक्ष लागेना. मी त्याला म्हटलं, काढलेली घाण परत घालता येत असती तर तू श्रीमंत झाला असतास. तो ते ऐकून विचारात पडला. आमच्या भागातले शेतकरी एक गाढवपणा हमखास करायचे. रेडिओचं बटण कुरकुरलं की त्यांना बैलगाडीचा आख आठवायचा, आणि ते त्यात एरंडीचं तेल सोडायचे. दोन दिवस बरं वाटायचं, मग तेलात धूळ बसून पहिल्यापेक्षा दुप्पट कुरकुर. असले रेडिओ आले की जगदेव, जो कोणाला अरे म्हणायचा नाही, तो शिव्या द्यायचा. आता हाच बाबा एकदा पाहून येतो म्हणून सेठांकडे गेला आणि टोनच्या कंट्रोलमध्ये एरंडीचं तेल घालून आला. जतनबाईंना तेवढं सांगितलं. मग थोड्या थोड्या दिवसांनी जायचा, बटण फिरवायचा, काही नाही म्हणून परत यायचा. थंडी गेली. गहू निघाले, आडतीत धूळ उडू लागली.

होळीनंतर मी हिराच्या लग्नाची पोलकी द्यायला निघालो तेव्हा जगदेवही सोबत आला. बैठकीत सेठ नेहमीसारखे तक्क्याला टेकलेले, टोपी घातलेली. गाल आत गेले होते. शेजारी जतनबाई. जगदेव गुडघ्यांवर बसला, रिसिव्हर लावला आणि टोनचं बटण फिरवलं.

करकर.

जतनबाई सेठांच्या जवळच बसलेल्या, तरी सवयीनं त्यांचा हात डोक्यावरच्या पदराकडे गेला. मग त्या हसल्या. इतक्या महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहत होतो. त्यांनी सेठांचा डावा हात उचलला आणि बटणावर ठेवला. हात घसरून गादीवर पडला. त्यांनी पुन्हा ठेवला. पुन्हा घसरला. सेठ समोरच्या भिंतीकडे बघत होते. जगदेव म्हणाला, सेठजी, झालं पाहा, वाजते आता. त्यांनी मान वळवली नाही.

आम्हाला वाटलं जतनबाई आता रडतील. त्यांनी सेठांचा हात पुन्हा बटणावर ठेवला, त्याच्यावर आपला हात ठेवला आणि स्वतःच फिरवला. करकर.

“आली,” त्या म्हणाल्या. “हे काय, इथंच हावो मी.”

सेठांनी पाहिलं नाही. जगदेव पिशवी उचलून उठला, तिच्यात भरायचं सामान खाली तसंच राहिलं. मी ते गोळा केलं. आम्ही जिना उतरत होतो, खाली आडतीत हमालांचा गलका चालू होता, आणि वरून ती करकर येत होती, आणि दर करकरीनंतर बाईंचा आवाज, “आली.”