सहा बार, सात आवाज

आमची सफरमैनाची तुकडी अकोल्याहून पातूरच्या घाटात हलली, तेव्हा अकोल्यात रेल्वेचं स्टेशन अजून बांधायचं होतं. रूळ मागून येणार होते, रस्ता आधी हवा होता. अमेरिकेत लढाई पेटली होती, तिकडचा कापूस बंद पडून विलायतेतल्या गिरण्या उपाशी होत्या आणि वऱ्हाडचा कापूस नवरदेवासारखा मिरवत होता. फक्त दक्षिणेकडच्या कापूसगाड्या या घाटात अडत. हुकूम एका ओळीचा होता: दसऱ्याच्या आत भरली गाडी घाटातून गेली पाहिजे.

मी तेव्हा नाईक होतो, गाव मोर्शीकडचं. सफरमैना म्हणजे रस्ते, पूल आणि सुरुंग. तोफखान्याचे लोक आम्हाला गवंडी म्हणून हसत. त्यांच्या तोफा आम्ही केलेल्या वाटेनेच पुढे जात, हे त्यांना आठवत नसे.

दिवस ठरलेला. पाचला बिगुल, साडेपाचला फॉलिनची रांग. सहा ते अकरा खडकात भोकं पाडायची. काम दोघांच्या जोडीचं. माझ्या जोडीला रघू, सॅपर म्हणजे आमच्या तुकडीतला साधा शिपाई, माझ्याच गावचा. तो पहार धरायचा, मी घण मारायचो. अकराला भोकांत दारू भरून ठासायची आणि बत्त्या खोचायच्या. बाराला लाल निशाण वर, बिगुल, आणि सगळे दोनशे पावलं मागे.

मग मोजणी. जितक्या बत्त्या पेटवल्या तितके बार झाले पाहिजेत. हिशेब जुळला की निशाण खाली आणि माणसं आत. एक जरी कमी पडला तर दोन तास कुणी हलायचं नाही. भोकात पाणी ओतून पहार चालवावी लागते, त्यामुळे एखादी बत्ती ओल धरते आणि आत नुसती धुमसत राहते. मोजायचं काम माझ्याकडे होतं.

एका मंगळवारी पाच बत्त्या होत्या. मी पाच मोजले आणि निशाण खाली केलं. रघू पुढे, मी त्याच्यामागे दहा पावलांवर. तेवढ्यात पाचवा बार उडाला. मी ज्याला पाचवा समजलो, तो समोरच्या डोंगराने परत पाठवलेला चौथ्याचाच आवाज होता.

रघू जागेवर गेला. मी पाठीवर आपटलो. उठलो तेव्हा दोन्ही कानांत रातकिडे ओरडत होते. संध्याकाळ झाली, सकाळ झाली, ते काही थांबेनात. लेफ्टनंट साहेबांनी रिपोर्टात अपघात असं लिहिलं. मला ते कधी पटलं नाही. रघू माझ्या मोजणीने मेला.

तिसऱ्या दिवशी सुभेदार साहेबांनी बोलावलं. ते साताऱ्याकडचे, शब्द तोलून खर्च करणारे.

"ऐकू येतं?"

"येते जी. पण त्याच्यावर शिटी वाजून राहिली."

"पंधरा दिवस आराम. मग निशाणापाशी उभा राहा, आमच्यासोबत मोज. चुकलास तर नाव कमी करून घरी."

घरी म्हणजे मोर्शीकडे, रघूच्या आईच्या दारावरून. ते मला मरणापेक्षा जड वाटत होतं.

नेटिव्ह डॉक्टरने कानांत कोमट तेल सोडलं. शिटी कधी थांबेल, असं विचारलं. तो म्हणाला, थांबली तर थांबेल. बाकी मंडळींकडे एकच उपाय होता, कापूस. वऱ्हाडात त्याला काय तोटा? जो तो कानांत घालायला बोळा देई. मी रात्रंदिवस बोळे घालून बसलो. बाहेरचं जग बंद झालं आणि आतली शिटी दुप्पट झाली. चार दिवस डोळा लागला नाही. जेवणावरून उठून जायचो, उगाच माणसांवर खेकसायचो.

घाटाच्या पायथ्याशी कासाबाईचा मळा होता, वांगी-मिरचीचा. वय साठीचं, जीभ विशीतली. पाणी प्यायला गेलो तर तिची हाक मला ऐकूच आली नाही. तिने जवळ येऊन माझ्या कानातला बोळा सरळ उपटला.

"हे काहून कोंबलं रे बाबू?"

"कान वाजतात, मावशी."

"माहा घरधनी बाळापूरच्या किल्ल्यावर सलामीची तोफ डागे. वीस वर्सं त्याचे कान वाजले. कापूस बार उडायच्या आधी घालाचा, मंग काढून फेकाचा. शांततेत त्याले लय चेव येते. इथं मोटेपाशी बसत जाय."

मी बसलो. चाक कुरकुरत होतं, पाणी थारोळ्यात धबधब पडत होतं. रातकिडे गेले नाहीत, पण त्या आवाजात मागे सरकले. त्या दुपारी मी विहिरीच्या दगडी काठावर तीन तास झोपलो. उठलो तेव्हा अंगात माणूस परत आल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाराला मी तिथेच पालथा पडलो होतो. बार सुरू झाले. शिटीमुळे मला आवाज धड कळेना, पण तळहाताखाली दगड हलला. एकदा, दोनदा, पाच वेळा.

"नऊ झाले," कासाबाई म्हणाली.

"पाच," मी म्हणालो.

संध्याकाळी छावणीत विचारलं. बार पाचच झाले होते. डोंगर आवाज परत पाठवतो, हादरा परत पाठवत नाही. मग आमची रोजची पैज लागली. ती कानाने मोजायची, मी हाताने. दहा दिवसांत मी एकदाही हरलो नाही. ती मात्र रोज डोंगराला शिव्या द्यायची.

सोळाव्या दिवशी मी निशाणापाशी हजर झालो. सात बत्त्या पेटल्या. मी खिशातून बोळे काढून कानांत घातले. मोजणाराच कान बुजवतो म्हणून हवालदार खो खो हसला. मी खडकावर पालथा झालो आणि दोन्ही तळहात टेकले.

बार संपले. मी उठून बोळे काढले.

"सात, साहेब," हवालदार म्हणाला.

"मीही सात मोजले," सुभेदार म्हणाले. "नाईक?"

"सहा जी."

मागे तीस मजूर घमेली घेऊन उभे होते. लेफ्टनंट साहेब घड्याळ पाहत होते. बारा वाजून दहा मिनिटं.

"आम्हा दोघांना सात ऐकू आले."

"ऐकू आले असतीन जी. फुटले सहाच."

"कानात शिटी वाजते, असं तूच सांगितलं होतंस."

"हाव जी. म्हनून हातानं मोजलं. चुकलो तर आजच घरी धाडा, पन मानसं आत सोडू नका."

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं, मग रांगेकडे. "निशाण वरच राहू दे."

ऊन तापलं. मजूर कुरकुरू लागले. हवालदार घमेल्यावर बोटं वाजवत बसला. खोटं कशाला बोलू, वीस मिनिटांनी माझाही धीर सुटत चालला होता. कानांत शिटी, आणि हातांवरचा भरवसा पातळ होऊ लागला.

बारा पस्तीसला डाव्या अंगाची भिंत उडाली. मजूर जिथे वाकून दगड उचलणार होते, नेमकं तिथे गाडीभर खडक येऊन पडला.

धूळ बसली. "सात," सुभेदार म्हणाले. "निशाण खाली. नाईक, उद्यापासून मोजणी तुझी." हवालदाराने माझा हात हातात घेतला तो सोडेचना. मजुरांनी मला खांद्यावर घेतलं. लाज वाटली, पण खाली उतरवा असं मी म्हटलं नाही. कासाबाईने टोपलीभर वांगी पाठवली आणि झोप लागते का म्हणून विचारलं.

दसऱ्याला चार दिवस होते तेव्हा पहिल्या भरल्या गाड्या घाट उतरून अकोल्याकडे गेल्या. बैलांच्या घुंगरांनी दरी भरली होती. आम्ही रस्त्याच्या कडेला रांगेत उभे होतो. तोफखान्याचं कुणी हसायला आलं नव्हतं.

पुढे किती घाट फोडले. शिटी गेली नाही. आज लिहितानाही आहे. चालत्या गिरणीत, वाहत्या ओढ्याकाठी मी ती विसरतो. पण तुकडीत एक रीत पडली. बार झाले की कुणीतरी खडकावर हात ठेवी आणि पुढचा माणूस विचारी, "रघूले इचारलं काय?" "इचारलं, सगळे झाले," असं उत्तर आल्याशिवाय पाऊल पडत नसे. ही रीत माझी नव्हे, वऱ्हाडी गड्यांनी पाडलेली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तंबूमागे जाऊन पोटभर रडलो.

नव्या भरतीच्या पोरांना वाटे, रघू हा खडकातला कुणी देव असावा. मी त्यांना बसवून सांगत असे. देव नव्हता, सॅपर होता. वय बावीस. माझी मोजणी चुकली म्हणून मेला. आणि त्याच्यानंतर माझ्या निशाणाखालून आत गेलेला प्रत्येक माणूस संध्याकाळी जेवायला परत आला.