सात खांबांचा कोपरा

दुपारची जेवणं उरकून मी पलंगावर आडवी होते. क्रोशाची सुई हातातच असते, अर्धवट विणकाम पोटावर. माझी सून तेजस्विनी दारातून डोकावते.

"आई, पाचला पार्सल न्यायला माणूस येणार. कुठलं देऊ?"

"बघते," मी म्हणते आणि डोळे मिटून घेते.

बघण्यासारखं काय आहे ते तिलाही ठाऊक आहे. पुण्याला क्रोशाकामाचं प्रदर्शन आहे. प्रत्येकीनं एकच वस्तू पाठवायची, नाव लिहून. अट एवढीच की डिझाइन स्वतःचं हवं. कपाटात अननसाच्या नक्षीचा टेबलक्लॉथ घडी घालून तयार आहे. देखणा, बिनचूक. कुणीही तोंड भरून कौतुक करील. फक्त ती नक्षी खटावकरबाईंची, ज्यांनी मला सुई धरायला शिकवलं त्यांची. आणि पोटावर आहे ते माझं. त्याचा एक कोपरा विणायचा राहिलाय आणि ते पाठवायचं म्हटलं की मला घाम फुटतो.

इचलकरंजीत मागांची खटखट ऐकतच झोप लागते. आजही ती जवळ येते, लांब जाते, पुन्हा जवळ येते, आणि मी एका मंगल कार्यालयात उभी आहे.

रुखवत मांडलंय. तोरणं, ताटावरचे रुमाल, द्राक्षांचे घोस, हंसांची जोडी. सगळं माझ्या हातचं. तीस वर्षं मी ऑर्डरी घेऊन दुसऱ्यांच्या पोरींची रुखवतं विणली. प्रत्येक वस्तूपुढे चिठ्ठी आहे, 'वधूने स्वतः केलेले'. ज्यांना सुईचं कुठलं टोक दोऱ्यात घालायचं तेही माहीत नव्हतं, त्यांची नावं सोनेरी शाईत लिहिली आहेत. मी एकेक चिठ्ठी वाचत पुढे जाते. टेबलं संपतच नाहीत.

"काय शोधतीस गं, हेमे?"

खटावकरबाई माझ्या शेजारून चालतायत. चष्म्याची मोडकी दांडी दोऱ्यानं बांधलेली, पदर खोचलेला. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. ते दोघींनाही माहीत आहे, पण लगेच कोण बोलणार?

"माझं नाव शोधतेय, बाई."

"तुझं कशाला असंल? लग्न तुझं हाय का?"

मला हसू येतं आणि रागही येतो. बाई होत्याच अशा. एका वाक्यात माणसाला गप्प करायच्या.

टेबलं दारातून बाहेर जातात आणि बाहेर मागांचा कारखाना आहे. माग जोरात चालू आहेत, माणूस कुणीच नाही. त्यांच्यातून कापड निघत नाही, अननसाचे रुमाल निघतायत, एकामागून एक, सगळे सारखे. बाई एक उचलतात, उजेडाकडे धरतात, खाली ठेवतात.

"छान आहेत," मी म्हणते.

"छान हाईतच. माझ्या आत्याची नक्षी ती. तिनं कुणाची घेतली, देव जाणे."

इतकी वर्षं मला वाटत होतं, ती बाईंचीच.

पुढच्या मागाला वळसा घातला तर आम्ही बाईंच्या स्वयंपाकघरात. इथंच त्यांचा क्लास भरायचा. फळीवर डबे, खाली सतरंजी, आणि सतरंजीवर माझं ते अर्धवट काम पसरलंय. म्हणजे पसरलं कसलं, उभंच आहे. प्रत्येक फेरीला कोपऱ्यात पाचाऐवजी सात खांब, म्हणजे उभे टाके, घेतलेत, त्यामुळे कडा उचलल्या गेल्यात, सगळ्याला चुण्या पडल्यात. तळलेल्या पापडासारखं दिसतंय. सोळा वर्षांची होते तेव्हा पहिल्यांदा चुकून सात घेतले होते. बाईंनी उसवलं. मी पुन्हा सात घेतले, त्यांनी पुन्हा उसवलं. शेवटी मी पाच घ्यायला शिकले.

बाई चवड्यांवर बसतात, बोटानं कड दाबून बघतात. दाबली की बसते, सोडली की उठते.

"अजून तीच चूक?"

"चूक नाही. मुद्दाम केलंय."

"ह्याच्यावर फुलदाणी कशी ठेवायची?"

"ठेवायचीच नाही, बाई."

"मग करायचं काय ह्याचं?"

"बघायचं." माझा आवाज चढतो. "आजवर माझं काम कशाच्या तरी खालीच राहिलं. ताटाखाली, फुलदाणीखाली, टीव्हीखाली. हे कशाच्या खाली जाणार नाही म्हणून तर असं विणलंय."

बाई माझ्याकडे बघतात. मला वाटतं, आता म्हणतील, शाब्बास. आयुष्यभर वाट पाहिली त्या एका शब्दाची. पण बाई सुई बाजूला करतात, शेवटच्या टाक्याचा दोरा चिमटीत धरतात आणि ओढायला लागतात. सर्रकन एक फेरी उसवते. क्रोशाचं हेच आहे, विणायला महिना आणि उसवायला मिनिट. दुसऱ्या फेरीला मी दोऱ्यावर झडप घालते. बोटाला दोन वेढे देऊन घट्ट धरते.

"सोड, हेमे. लोकं हसतील तुला. मी हाय का आता बाजू घ्यायला?"

म्हणजे उसवण्याचं हे कारण होतं. किती आठवण येते त्यांची, कुणाला सांगितलंच नाही मी.

"हसू देत. मी नाही सोडणार."

"मी मेलीया, तरी ऐकणार न्हाईस?"

"आजवर ऐकलंच की, बाई. हे एवढं नाही."

त्या ओढतात. मी ओढते. दोरा बोटात रुततो, डोळ्यांतून पाणी येतं, तरी मी सोडत नाही. बाईंच्या हाताला अजून केवढा जोर आहे! मग दोरा तुटतो.

मी उठून बसते. बाहेर मागांची खटखट चालू आहे. उजव्या हातात सुई नाही, ती उशाशी पडली आहे. डाव्या तर्जनीला दोऱ्याचे दोन वेढे आहेत, बोट लालभडक झालंय, आणि दोरा खरंच तुटलाय. एक फेरी उसवलेली. झोपेत मीच ओढलं असणार, दुसरं कोण ओढणार?

घड्याळात पावणेचार. मी दोन्ही टोकं बांधते आणि विणायला बसते. उसवलेली फेरी पुन्हा भरते. उरलेल्या कोपऱ्यापाशी येते. एक, दोन, तीन. पाचाला हात सवयीनं थांबतो. सहावा घेते. सातवा घेते. बोट ठणकतंय, पण थांबायला वेळ नाही.

पाचला बेल वाजते. तेजस्विनी खोकं घेऊन येते, माझ्या मांडीवरचं काम बघते, कपाटाकडे बघते.

"हे पाठवायचं?"

"हेच. त्या माणसाला चहा दे, तोवर आवरते."

"चिठ्ठीवर काय लिहू?"

"हेमलता खराडे. डिझाइनपुढेही तेच."

ती लिहिते. मग काम दोन्ही हातांनी जपून उचलते आणि मध्येच थबकते.

"आई, इथं गाठ वरच राहिलीय. सुईनं आत ओढून घेऊ?"

"नको," मी म्हणते. "दिसू दे."