आबांचं गाऱ्हाणं

"डोळे भाड्यान दिलंस काय रे?"

मागून शर्टाची बाही खेचली जायची आणि हा प्रश्न कानावर आदळायचा. आपण डबा घेऊन ऑफिसला निघालेलो आणि मुलुंडच्या आमच्या इमारतीच्या गेटापाशी आबा लालबुंद चेहऱ्याने उभे. साप निघाला की काय म्हणून वळून बघावं, तर ते कुंपणावरच्या गोगलगायीकडे बोट दाखवत असायचे.

तुम्ही म्हणाल, निसर्गप्रेमी माणूस. छे! तशी माणसं गोड बोलतात. आबा भांडायचे. परळची गिरणी बंद पडल्यापासून राग त्यांच्या अंगात मुरला होता, असं त्यांची बायको सांगायची. पण हा राग निराळा होता. जगात एवढं काही घडतंय आणि कुणी मान वर करून बघत नाही, याचा तो राग होता.

एकदा मटकीला मोड आले म्हणून फडक्याचं गाठोडं घेऊन ते दारोदार फिरले. मी दार उघडून म्हणालो, "वा आबा, आज उसळ वाटतं!"

"उसळ? काल दगडासारखे दाणे होते हे! रात्री ह्येंका कोणी उठवल्यान? मी? तुझ्या बापाशीन?"

आणि माझंच दार माझ्या तोंडावर आपटून ते वरच्या मजल्यावर गेले.

दर श्रावणात सोसायटीची सत्यनारायणाची पूजा असायची आणि शेवटी गाऱ्हाणं घालायचा मान आबांचा. गाऱ्हाणं म्हणजे आम्हा कोकणातल्या माणसांचं देवाशी खड्या आवाजातलं बोलणं. एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती बेनना त्यातलं अक्षर कळत नसे, पण सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच. होकार मिळमिळीत आला की आबा डोळे वटारायचे, "आयकाक इला नाय!" मग त्यांना ऐकू जाईल असं सगळे पुन्हा ओरडायचे.

एका वर्षी गेटाजवळच्या बदामाच्या खालच्या फांदीवर शिंपी पक्ष्याने दोन पानं शिवून घरटं केलं. आत पिल्लं होती. नेमकी तीच जागा सेक्रेटरीसाहेबांना दुसऱ्या गाडीसाठी हवी होती. झाड पाडायचं ठरलं. आबा घरोघरी जाऊन भांडले. "आबा, पक्षी काय, दुसरीकडे जातील," असं सगळ्यांनी त्यांनाच समजावलं. कसले हे शेजारी! एकानेही खाली उतरून ती शिवण बघितली नाही.

पूजेच्या दिवशी सगळ्यांचं लक्ष शिऱ्याच्या पातेल्याकडे होतं.

"बा देवा म्हाराजा! लेकरांनी केलेली सेवा गोड मानून घे."

"व्हय म्हाराजा!"

"पोराबाळांका सुखी ठेव."

"व्हय म्हाराजा!"

"गेटाकडच्या झाडाक जो कोण हात लावीत, तेका तू बघून घे!"

"व्हय म्हाराजा!"

सेक्रेटरींचा आवाज त्यात स्वच्छ ऐकू आला. शब्द तोंडातून गेल्यावर त्यांचा चेहरा पडला. माणूस देवगडचा. देवासमोर भरलेला होकार मोडायची त्यांची छाती नव्हती. आबा त्या दिवशी दोनदा शिरा मागून खाऊन गेले.

झाड वाचलं. आबा होते तोवर वाचलं.

गेल्या उन्हाळ्यात आबा गेले. त्यांचं बारावं व्हायच्या आत, घरचे गावाला गेलेले असताना, फांद्या छाटायच्या परवानगीवर सेक्रेटरींनी अख्खं झाड आडवं केलं. मी खाली धावलो तेव्हा नुसता बुंधा उरला होता.

"कचरा फार व्हायचा हो," सेक्रेटरी म्हणाले. "आणि आता आबा पण नाहीत ना."

म्हणजे देवाचीसुद्धा भीती नव्हती, आबांची होती! माझा जो संताप झाला तो आजही उतरलेला नाही.

पाऊस लागला आणि त्या बुंध्याला कोवळी, तांबूस पालवी फुटली. मी रोज थांबून बघायचो. बुंधा उपटायला पूजेनंतर मशीन येणार होतं.

पूजेला यजमान म्हणून सेक्रेटरी जोडीने बसले होते. आरती झाल्यावर ते मला म्हणाले, "तुम्ही कुडाळचे ना? गाऱ्हाण्याचं जरा उरकून टाका, शिरा थंड होतोय."

मी उभा राहिलो. सेवा गोड मानून घे, व्हय म्हाराजा. पोराबाळांका सुखी ठेव, व्हय म्हाराजा. मग मी म्हटलं, "आबांच्या झाडाक पालवी फुटली हा. तिका जो कोण हात लावीत, तेका तू बघून घे!"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सगळे गाऱ्हाणं ऐकत होते. सगळ्यांच्या नजरा सेक्रेटरींवर आणि सेक्रेटरींची नजर पाटाभोवतीच्या रांगोळीवर.

"व्हय म्हाराजा!" एकट्या गुजराती बेन कडाडल्या. मग त्यांच्यामागून एकेक आवाज येत गेला. शेवटी सेक्रेटरींचे ओठ किंचित हलले.

मी वाकून त्यांच्या झब्ब्याची बाही धरली आणि खेचली.

"आयकाक इला नाय!"