तुरसुनायची पुढची खोली

तुरसुनायला लहानपणापासून किळस फार. दूध नासायच्या आदल्या दिवशीच तिला कळायचं. शेजारणीच्या घरचा चहा ती कपाची कड बघून प्यायची. कोचकोरच्या माहेरी सगळे तिच्या नाकाची थट्टा करत. एकविसाव्या वर्षी ती लग्न होऊन आत-बाशीला सासरी निघाली, तेव्हा आईने गाडीत बसवताना एवढंच सांगितलं, "तिथे नाक मुरडू नकोस, बाई. सासरच्यांना ते लगेच दिसतं."

तुरसुनायने चोवीस वर्षं नाक मुरडलं नाही. सकाळी बालवाडीच्या स्वयंपाकघरात साठ पोरांची लापशी, दुपारनंतर घरची गाय, भाकऱ्या, कपडे. मोठी दोन मुलं बिश्केकला कामाला लागली होती. घरात उरली ती चार माणसं: ती, नवरा इशेनबेक, पंधरा वर्षांची मीरिम आणि दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन अंथरुणाला खिळलेले सासरे, ज्यांना घरात सगळे अता म्हणत.

घर चार खोल्यांचं. त्यातली सगळ्यात मोठी, दोन दक्षिणेच्या खिडक्यांची, लाकडी जमिनीची खोली म्हणजे पुढची खोली. तिथे लाल गालिचा, काचेच्या कपाटात न वापरलेले चहाचे संच आणि भिंतीशी पेटाऱ्यावर छतापर्यंत रचलेल्या मखमली गाद्या. ती खोली पाहुण्यांची. घरातलं कुणी तिथे बसत नसे, झोपत नसे. भट्टीची एक बाजू त्या खोलीत होती, पण कोळसा वाचावा म्हणून तिकडची झडप हिवाळाभर बंद. तिघं स्वयंपाकघरात आणि त्याला लागून असलेल्या खोलीत दाटीवाटीने राहत. सासरे मागच्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीशी.

त्या वर्षी कुर्मान आयत, म्हणजे बकरी ईद, ऑक्टोबरच्या सुरुवातीला आली होती. गुरं डोंगरातल्या कुरणांवरून खाली उतरली, पॉपलरची पानं अंगणभर पसरली, माथ्यावरचं बर्फ रोज थोडं थोडं खाली सरकायला लागलं. घराघरांत सणाची साफसफाई निघाली. तुरसुनायनेही रविवारी पुढच्या खोलीचं कुलूप काढलं. आत पाऊल टाकताच डांबरगोळ्यांचा वास घशात बसला.

आधी तिने कपाटातला मिठायांचा डबा उघडला. सणाला पाहुण्यांपुढे दस्तरखान, म्हणजे जेवणाचं कापड, घालायचं तर त्यावर मिठायांच्या राशी हव्यातच. खातं कोण? पाहुणा एखादी उचलतो, खिशात टाकतो, उरलेल्या परत डब्यात. पुढच्या सणाला त्याच, वर थोड्या नव्या. तुरसुनायने मूठ भरून बाहेर काढली. कागद मिठाईला चिकटून एकजीव झाले होते. एकाची गाठ सोडली तर आत तपकिरी भुकटी, आणि भुकटीत वळवळणारी पांढरी अळी. दुसरीतही तेच. तिसरी तिने उघडलीच नाही.

"आपा, हे आपण गेल्या आयतला लोकांना दिलं?" मीरिमने तोंडावर हात ठेवत आईला विचारलं.

"दिलं. आणि लोकांनी आपल्याला दिलं," तुरसुनाय म्हणाली. "प्रत्येकाच्या डब्यात हेच असणार."

डबा बाहेर रिकामा करून दोघींनी गाद्या खाली काढल्या. बासष्ट गाद्या. वरच्या चाळीस तिच्या लग्नातल्या, सासूने, ती हयात असताना, आणि तुरसुनायच्या माहेरच्या बायकांनी शिवलेल्या. खालच्या चार गाद्यांत उंदरांनी घर केलं होतं. मखमल कुरतडून लोकर भुगा झालेली, लोकरीत लेंड्या आणि एक वाळून चामडं झालेलं पिल्लू. अंगाखाली एक रात्रही न घेतलेल्या गाद्या. तुरसुनायने ते पिल्लू पत्र्यावर घेऊन भट्टीत टाकलं आणि हात दोनदा साबणाने धुतले. तरी बोटांना वास येतच राहिला.

तेवढ्यात मागच्या खोलीतून सासऱ्यांनी भिंतीवर ठोठावलं. त्यांना शब्द नीट जुळत नसत, म्हणून काही हवं असलं की ते चांगल्या हाताने भिंत वाजवत.

ती गेली. बदलायचं होतं. तिने त्यांना कुशीवर वळवलं, खालचं कापड काढलं, अंग पुसलं. हे काम ती दिवसातून तीनदा करायची, आणि गंमत म्हणजे याची तिला कधी किळस आली नव्हती. साठ पोरांची नाकं पुसणारा हात तो. पण उशी सरळ करायला तिने ती उचलली आणि उशीची खालची बाजू काळी दिसली. नुसता डाग नव्हता, मऊ, केसाळ काळं. भिंतीवरही तेच. दरवर्षी शरदात ती ती भिंत खरवडून चुना लावायची, आणि दरवर्षी नव्या वर्षापर्यंत बुरशी परत यायची. आज तिने नखाने चुन्याला हात लावला तर गिलाव्याचं ओलं ढेकूळच हातात आलं. सासऱ्यांचं तोंड तिथून वीतभर अंतरावर होतं. दोन वर्षं ते हाच वास घेत होते.

तुरसुनाय अंगणात गेली आणि कोळशाच्या ढिगाशी ओकली. तोंड धुऊन ती तिथेच पायरीवर बसली. तिला मिठायांची किळस आली होती, उंदरांची आली होती, पण आताची किळस वेगळी होती. भिंत तिला माहीत होती. बासष्ट गाद्याही माहीत होत्या. त्या चांगल्या गाद्या रचून ठेवणारे हात तिचेच होते.

आत येऊन तिने पुढच्या खोलीची झडप उघडली आणि मीरिमला हाक मारली. "चार गाद्या घे, वरच्या. खिडकीखाली घाल."

"कुणासाठी?"

"अतासाठी."

म्हातारा माणूस, पण हाडापेराने मोठा. उचलणं दोघींना जमेना. मग दोघींनी सासऱ्यांना गादीसकट खाली घेतलं आणि गादीची दोन टोकं धरून ओढत नेलं. उंबऱ्यापाशी सासऱ्यांनी चांगल्या हाताने चौकट धरली.

"नको," ते म्हणाले. एकेक अक्षर त्यांना ओढून काढावं लागत होतं. "पाहुण्यांची. घाण होईल."

"होऊ दे, अता."

"लोक."

"हात सोडा, अता. माझी कंबर मोडेल."

त्यांनी हात सोडला.

संध्याकाळी इशेनबेक गवताची गाडी रिकामी करून आला. पुढच्या खोलीच्या दारात तो बुटांसकट उभा राहिला. बाप मखमलीवर, खिडकीखाली झोपलेला. इशेनबेक वाईट माणूस नव्हता. तो कधी ओरडायचा नाही, प्यायचा नाही, आणि कधी कशाला हातही घालायचा नाही.

"चांगलं केलंस," तो हळूच म्हणाला. "पण आयतला लोक येतील. त्या दिवशी पुन्हा मागे नेऊ. एकच दिवस."

"तुम्ही मागच्या खोलीत शेवटचे कधी गेलात?"

"रोज जातो."

"दारात उभं राहता आणि विचारता, अता, कसे आहात. मी आत म्हणतेय."

इशेनबेकने मान खाली घालून बूट काढायला सुरुवात केली. "एजे येणार आहे," एवढंच बोलला.

एजे म्हणजे रायकान, त्याची मोठी बहीण. नारिन शहरात राहायची, सोन्याचे दात, दर सणाच्या आदल्या दिवशी येऊन तीन दिवस मुक्काम. ती येण्याआधी सासऱ्यांना न्हाऊ घालून, नवा सदरा चढवून, टोपी घालून पुढच्या खोलीत आणून बसवायचं. रायकान बापाचा हात हातात घेऊन तासभर रडायची. ती जेवायला बसली की त्यांना परत मागे. असे चार सण झाले होते.

आयतच्या आदल्या दिवशी तुरसुनाय मेलेल्यांच्या नावाने तेलात पोळ्या तळत होती. घरभर तेलाचा धूर. रायकान आली ती नव्या पडद्यांचं गाठोडं घेऊनच. सरळ पुढच्या खोलीत गेली, आणि मिनिटभरात स्वयंपाकघरात परत.

"केलिन, अताला एवढ्या लवकर आणून बसवलंस? आणि खोलीला वास येतोय." केलिन म्हणजे घरची सून.

"बसवलं नाही, एजे. ते आता तिथेच राहतात."

"म्हणजे?" रायकानने गाठोडं टेबलावर ठेवलं. "उद्या अर्धं गाव येणार. दस्तरखान कुठे घालणार? त्यांच्या मुताच्या शेजारी?"

"शेजारीच. त्यांचं घर आहे."

"मला अक्कल शिकवू नकोस! माझा बाप आहे तो. तीन दिवस मागे ठेवलं तर काय मरणार आहे? आणि मी कुठे झोपू?"

तुरसुनायने कढईतली पोळी उलटली. तिच्या नाकात तेल, रायकानचं अत्तर आणि कुठूनतरी अजूनही तो उंदराचा वास. "पुढच्या खोलीत अतांपाशी झोपा. नाहीतर मागची खोली रिकामी आहे. अंथरूण घालून देते."

"घाल," रायकान फणकाऱ्याने म्हणाली. "माझ्या बापाच्या खोलीत झोपायला मला लाज नाही वाटत."

इशेनबेक काहीतरी बोलायला गेला. तुरसुनायने त्याच्याकडे असं पाहिलं की तो गायीला पाणी दाखवायला निघून गेला.

सकाळी पुरुष नमाजाला निघायच्या आत रायकान बाहेर आली. डोळे सुजलेले, केसांत चुन्याचा भुगा, आवाज बसलेला. ती खोकत होती. चुलीपाशी उभ्या तुरसुनायसमोर येऊन ती थांबली. तुरसुनायला वाटलं, आता ही रडेल, आणि काहीतरी बरं बोलेल.

"दोन वर्षं?" रायकान म्हणाली. "दोन वर्षं तू माझ्या बापाला त्या गटारात ठेवलंस? जनावराला तरी कुणी ठेवतं का तिथे?"

तुरसुनायच्या हातातला चमचा थांबला. खोटं त्यात काहीच नव्हतं. ठेवलं होतंच. पण हे तिला कोण सांगत होतं? चार सणांत जिने एकदाही ते दार ढकलून पाहिलं नव्हतं, ती. राग यायला हवा होता, आला नाही. आली ती शिसारी, रायकानची, इशेनबेकची, स्वतःची, सगळ्यांची मिळून एकच.

"ठेवलं," ती म्हणाली. "आणि तुम्ही ठेवू दिलंत. चहा घ्या, थंड होतोय."

नमाज आटोपला, इशेनबेकने अंगणात मेंढा कापला, आणि मग टोळ्या-टोळ्यांनी माणसं घराघरांतून फिरायला लागली. पहिली टोळी आली ती सासऱ्यांच्या वयाची. त्यांच्यात शेयशेन होता, सासऱ्यांबरोबर पंचवीस वर्षं मेंढ्या राखलेला. दोन वर्षांत त्याने मित्राला पाहिलं नव्हतं. आजारी माणूस मागे आहे, भेटायच्या अवस्थेत नाही, असंच त्याला दारात सांगितलं जायचं. आता तो आत आला, काठी टाकून गादीशी बसला आणि म्हणाला, "जिवंत आहेस होय रे म्हाताऱ्या? मला वाटलं, तुला गुपचूप पुरलंय यांनी."

सासऱ्यांच्या घशातून खरखरीत आवाज निघाला. ते हसत होते.

आणि मग रायकानने, नवे पडदे लावलेल्या खिडकीशी उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मी काल आले आणि म्हटलं, हे चालायचं नाही. अता पुढच्या खोलीत राहतील. पाहुणे आले काय, गेले काय, आधी बाप."

"शाबास, मुली," म्हाताऱ्यांनी मान डोलावली. "मुलगी असावी तर अशी."

तुरसुनाय दारात किटली घेऊन उभी होती. मीरिमचा चेहरा लालबुंद झाला, ती तोंड उघडणार तोच आईने तिच्या हातात वाट्यांचं तबक दिलं. तुरसुनाय वाकली आणि रायकानच्या वाटीत चहा ओतला. चहा पुरेसा होता म्हणून रायकानने हात आडवा केला, तरी ती वाटी काठोकाठ भरेपर्यंत ओततच राहिली; तिकडे काठोकाठ भरलेली वाटी म्हणजे पाहुण्याने आता उठावं. थोडा गालिच्यावर सांडला.

दुपारच्या टोळीच्या वेळी सासऱ्यांना आवरलं नाही. वास पसरला. एक बाई रुमाल नाकाशी नेऊन थांबली, दुसरीने घाईने हात उचलून जेवणानंतरची दुवा म्हटली, आणि तोंडातला घास न संपवता सगळे उठले. रायकान सगळ्यांच्या आधी अंगणात. शेयशेन तेवढा बसून राहिला. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "उरका, मी बघत नाही." तुरसुनायने पाणी आणलं, आणि उरकलं. सासरे डोळे मिटून पडले होते, कडेतून पाणी ओघळत होतं.

"घाण," ते पुटपुटले.

"ही घाण मला चालते, अता," तुरसुनाय म्हणाली. शेयशेन भिंतीकडे पाहत मोठ्याने खाकरला.

म्हातारे फेब्रुवारीत गेले, पुढच्या खोलीत, ऊन असलेल्या एका सकाळी. तोवर शेयशेन दर शुक्रवारी येत राहिला. दोघं खिडकीपाशी जुन्या मेंढ्यांची नावं आठवत बसत. मयताला रायकान आली, मोठमोठ्याने रडली, आणि शेवटचे महिने अतांना उजेडात कुणी आणलं, ते आलेल्या प्रत्येक बाईला सांगितलं. तुरसुनाय भांडी उचलत ऐकत राहिली. एकदाही तिने खोडून काढलं नाही. खोडून काढायचं तर त्याआधीची दोन वर्षंही सांगावी लागली असती.

मयताचा चाळीसावा दिवस उरकल्यावर इशेनबेक गाद्या पुन्हा पेटाऱ्यावर रचायला लागला. तुरसुनायने त्याच्या हातातली गादी काढून घेतली.

"इथे आपण झोपायचं," ती म्हणाली. "मीरिमचं टेबल त्या खिडकीपाशी. अर्ध्या गाद्या बालवाडीत देते, तिथली पोरं दुपारी फळीवर झोपतात."

"आणि पाहुणे आले तर?"

"स्वयंपाकघरात बसतील. नाही बसले तर उभे राहतील."

इशेनबेकने त्या दिवशी पहिल्यांदा टेबलाचं एक टोक धरलं. मागच्या खोलीचं दार मात्र तुरसुनायने नवऱ्याच्या हातून खिळे ठोकून बंद करून घेतलं. भिंत त्यानंतर कुणी खरवडली नाही. पावसाळी दिवसांत दाराच्या फटीतून वास येतो, आणि इतर कुणाला आला नाही तरी तुरसुनायला येतो.