सास्तूरच्या गच्चीवरचं शटर

माणसाला उभ्या उभ्या गार करायची कला आमच्या मामांइतकी कुणालाच जमत न्हाय. मामा म्हणजे माझ्या आत्याचे मालक. एसटीतनं मेकॅनिक म्हणून रिटायर झाले आणि दुर्बीण करायला बसले. महिनोन् महिने हातानं काच घासली. आत्या म्हणायची, "ताट घासा म्हटलं की ह्यांचा खांदा धरतो." मग दुर्बिणीला घर पाहिजे म्हणून सास्तूरला त्यांच्या घराच्या गच्चीवर पाइप वाकवून, पत्रा ठोकून घुमट उभा केला. घुमटाला आभाळाकडं उघडणारी फट, आणि फटीवर रुळावरनं बाजूला सरकणारं शटर. त्या शटरपायी माणूस पार कामातनं गेला. मयतीला गेले तरी त्या घरच्या गेटची चाकं वाकून बघायचे. एका लग्नात तर नवरदेवाच्या गाडीखाली निम्मे शिरलेले. तोंडात कायम स्क्रू, त्यामुळं "बेरिंग बघतोय" हेसुद्धा "बेंइंग बगोय" असं निघायचं. मला ते हुबेहूब जमतं, पण आत्यासमोर करत न्हाय.

मी सुट्टीला तिथं असतानाच मामांनी लोखंडी रुळावर गेटची लोखंडी चाकं बसवली आणि संध्याकाळी, कुणाला न सांगता, शटर ढकललं. जमिनीच्या पोटातनं यावी तशी घरघर निघाली. दुसऱ्या गावात लोक म्हणले असते, ट्रक आला. पण हे भूकंप बघितलेलं गाव. अख्खी गल्ली रस्त्यावर. शेजारचे आजोबा निम्म्या गालाला साबण लावून उभे. सगळे जमिनीकडं बघायलेत, आणि वर फटीतनं मामांचं मुंडकं बाहेर: "बघा, कसं मख्खन चालतंय."

कुणी हसलं न्हाय. मीपण न्हाय, कारण आत्या पिठाच्या हातानं खांब कवटाळून उभी होती. नवी नवरी असताना ती भूकंपात घराखाली सापडलेली. तवापासून ती छताखाली झोपत न्हाय. बारा महिने बाज अंगणात, पाऊस आला तर पडवीत, तेपण पाय बाहेर.

"ते उद्या उतरवा," ती म्हणाली, "न्हायतर मी चालले जळकोटला, भावाकडं. आन परत येणार न्हाय." जळकोटला म्हणजे आमच्याच घरी, आणि आत्या बोलली की करते. मामा पांढरेफटक पडले. जेवले न्हाईत.

सकाळी बघतो तर माझी ट्रॉली बॅग लंगडी, चाकं गायब.

"मामा, बॅग माझी आहे."

"डोक्यावर घेऊन जा. तरणाबांड गडी हाईस."

शटरला आता माझ्या बॅगेची रबरी चाकं, खाली रुळावर सायकलची ट्यूब. शटर पडद्यासारखं सरकायला लागलं. तरी मामा उघडायच्या आधी घरोघरी सांगत फिरले, "शटर उघडतोय, भिऊ नका."

आजोबा म्हणाले, "आवाजच न्हाय तर सांगताव कशाला?"

"सवय होईपर्यंत, काका."

रात्री आत्या गच्चीवर आली, पण घुमटाच्या दारातच थांबली. "आधी उघडा, मग येते."

मामांनी फट पूर्ण उघडली. ती आत येऊन चटईवर टेकली. दुर्बिणीकडं बघितलंपण न्हाय, नुसती वर बघत बसली. जरा वेळानं तिथंच आडवी झाली, आणि तिचा डोळा लागला. पत्र्याखाली.

मामांना शनी बघायचा होता. तो पलीकडच्या अंगाला होता, घुमट फिरवल्याशिवाय दिसला नसता, आणि घुमट फिरवला की करकरतो. मामांनी तोंडातला स्क्रू काढून खिशात टाकला आणि दारात बसून राहिले.