ओढ कमी केलेली घंटी

माझा गळ टाकायचा नाद आमच्या घरात कुणालाच पसंत नाही. निवृत्त मास्तरानं कट्ट्यावर गप्पा माराव्यात, नातवंडांचा अभ्यास घ्यावा. करमाडच्या अलीकडल्या तळ्यावर दिवसभर चिखलात बसू नये, असं बायकोचं मत. त्यात मी ऑनलाइन मागवलेली घंटी दाखवली तेव्हा तिनं कपाळावर हातच मारला. ही घंटी म्हणजे तळहातावर मावेल एवढी डबी. गळाची काठी जिथं टेकवायची तिथं ती बसवायची आणि दोरा तिच्या चाकावरून न्यायचा. माशानं ओढलं की चाक फिरतं आणि डबी टींटीं करते. जोडीला आणखी एक बारकी डबी असते. ती खिशात ठेवून लांब झाडाखाली आडवं झालं तरी आवाज तिथं येतो. आळशी माणसाची सोय, माझ्यासाठीच काढलेली.

पहिल्याच पावसाळ्यात ती बिघडली. मासा नसताना बोंबलायची आणि असताना गप्प बसायची. म्हणून मी उस्मानपुऱ्यातल्या बन्सी खरातांच्या दुकानात गेलो. दुकान कसलं, घराचीच पुढची खोली. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग मिक्सर असं करत बन्सीभाऊंचं आयुष्य त्या टेबलापाशी गेलेलं. हल्ली लोक दुरुस्त करण्याऐवजी फेकून देतात, त्यामुळे टेबल बरंचसं मोकळं असायचं. घंटी उलटीसुलटी करून ते हसले.

"मासा धराया घंटी? त्यो काय दारात येऊन उभा ऱ्हातो व्हय?"

पण उघडली मात्र मन लावून. सेलच्या पट्ट्यांवर हिरवा गंज चढला होता, तो जुन्या दातांच्या ब्रशनं घासला. चाकात अडकलेलं शेवाळ काढलं. मग बाजूचं बटण फिरवून पाहिलं. किती ओढलं की वाजायचं हे त्या बटणावर ठरतं. ते कमी केलं की वाऱ्याला, शेवाळाला, बारक्या माशांच्या टोचणीला घंटी दाद देत नाही, मोठा मासा लागला तरच वाजते. बटणावरची इंग्रजी अक्षरं पुसट झाली होती. बन्सीभाऊंनी शेजारी पेननं मराठीत लिहिलं, 'ओढ'. म्हणाले, "ओढ जरा कमी केली, सर. आता उगंच वरडनार नाय." जन्मभर मराठी शिकवलेला माणूस मी. त्या शब्दावर दोन तास घेता आले असते. नुसता हसलो आणि आलो.

पुढं तळ्यावरच्या आमच्या सगळ्या टोळीच्या घंट्या त्यांच्याकडे जाऊ लागल्या आणि माझं तिथं बसणं वाढलं. त्याला मनकर्णाबाईंचा चहाही कारण होता. मनकर्णाबाई म्हणजे त्यांची बायको. चौकात भाजीची गाडी लावायच्या, आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. दुपारी घरी आल्या की पडद्याआडून सुरू. "अहो, जरा इकडं या." बन्सीभाऊ हातातलं काम न सोडता ओरडायचे, "काम काय ते सांग." आतून उत्तर यायचं, "काम नाय. या नुसतं." मग बन्सीभाऊ माझ्याकडे बघून मान हलवायचे आणि जागचे हलायचे नाहीत. चार हाका झाल्या की त्याच चहा घेऊन बाहेर यायच्या आणि आम्हा दोघांनाही बोलून घ्यायच्या.

गेल्या वर्षी मनकर्णाबाईंना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि तो आवाजही गेला. डाव्या हाताची बोटं तेवढी हलायची, तीही अशक्त. एकदा पापणी मिटली की हो, दोनदा मिटली की नाही, एवढंच बोलणं उरलं. मुलगी मेघा खुलताबादला दिलेली, तिचा संसार तिला. त्यामुळे खाऊ घालणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं बन्सीभाऊच करायचे आणि मधल्या वेळात दुकान बघायचे. त्यांनी आधी खाटेला बेलचं बटण लावून दिलं. ते दाबायचं बळ मनकर्णाबाईंच्या बोटात नव्हतं. मग त्यांना आमच्या घंटीची आठवण झाली. टोळीतल्या एकाची जुनी घंटी मी आणून दिली. ती त्यांनी खाटेच्या गजाला बांधली, चाकावरून दोरा घेतला आणि दोऱ्याचं टोक मनकर्णाबाईंच्या बोटात अडकवलं. बारकी डबी दुकानातल्या टेबलावर. बोट नुसतं आखडलं तरी टेबलावर टींटीं. पहिल्यांदा वाजली तेव्हा हा साठीपुढचा माणूस अक्षरशः धावत आत गेला आणि डोळे पुसत बाहेर आला. "हाक आली, सर," म्हणाला.

काही दिवस छान गेले. मग घंटी बिघडली, असं बन्सीभाऊंना वाटायला लागलं. ती वाजली की ते आत जायचे आणि विचारायचे, पाणी पायजे? कूस बदलू? दुखतंय? सगळ्याला दोन पापण्या. शेवटी विचारायचे, "तू वडलं का?" त्यालाही दोन पापण्या. नाही.

आता गंमत बघा. बन्सीभाऊंचा बायकोवर पूर्ण विश्वास. ती भाजीच्या तराजूत कधी खोटं बोलली नाही, घरातही नाही. ती नाही म्हणते म्हणजे तिनं ओढलेलं नाही. म्हणजे दोष मशीनचा. आणि मशीनचा दोष काढणं हा तर त्यांचा हातखंडा. पंख्याच्या वाऱ्यानं दोरा हलत असेल म्हणून त्यांनी तो रिकाम्या रिफिलच्या नळीतून ओवला. तरी वाजली. सेल बदलले, चाक बदललं, आतली तार नव्यानं डाग देऊन जोडली. शेजारच्या पोराच्या गाडीचं रिमोट आड येत असेल म्हणून त्याला गाडी लांब लावायला सांगितली. तरी वाजतच राहिली. दर वेळी हातातलं काम टाकून उठायचं, आत जायचं आणि काही नाही म्हणून परत यायचं. माणूस थकलेला होता, चिडायलाही लागला होता. मी त्यांना दोष देत नाही.

अखेर त्यांनी गिऱ्हाइकाला सांगायचा तोच उपाय केला. ओढ कमी केली.

घंटी गप्प झाली. खाणंपिणं, औषध, कूस सगळं ठरल्या वेळी होतच होतं, त्यामुळे काही अडलं नाही. बन्सीभाऊ मला समाधानानं म्हणाले, "बरी झाली एकदाची."

दिवाळीच्या सुट्टीत मेघा माहेरी आली. मी एका दुपारी दुकानात बसलो होतो. ती पडदा सारून बाहेर आली आणि दारातच उभी राहिली.

"बाबा, घंटी बंद हाये का?"

"बंद नाय. बारक्या धक्क्याला वाजत नाय आता. लई तरास देत व्हती."

"आई वडतीय ना पण. मी सकाळपसून बघतीय. वडती आन् दाराकडं बघत ऱ्हाती."

बन्सीभाऊंच्या हातातली डाग द्यायची तापलेली कावी खाली ठेवायचीही राहिली. "ती तर नाय म्हणायची. मी दर डावाला इचारलंय तिला."

"काम काय, असंच इचारलं आसंल तुमी," मेघा म्हणाली आणि रडायला लागली. "तिला काय काम आसनार, बाबा? तुमी यावं एवढंच."

मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. मला पडद्याआडून येणारी ती जुनी हाक ऐकू येत होती, काम नाय, या नुसतं. बन्सीभाऊंनाही तीच ऐकू आली असणार. बिनकामाचं बोलावलं म्हणून लाजून ती बाई त्यांच्याशी खोटं बोलली होती, जन्मात पहिल्यांदा, आणि तेही तोंडातून शब्द निघत नसताना.

ते आत गेले आणि बटण पुरतं उलटं फिरवलं. आता श्वासानं दोरा हलला तरी वाजली असती. बाहेर येऊन डबीसमोर बसले. आम्ही तिघंही त्या डबीकडे बघत बसलो. ती वाजली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. 'लई तरास देत व्हती' हे पडद्याआड तिलाही ऐकू गेलं असणार. तिनं ओढणं सोडून दिलं होतं.

मग बन्सीभाऊंनी टेबलच आत नेलं आणि खाटेला लावलं. घंटी काढून टाकली आणि दोऱ्याचं दुसरं टोक स्वतःच्या बोटाला बांधलं. डाव्या हाताला दोरा आणि उजव्या हातानं काम. मी भेटायला गेलो की ते मधूनच दोरा हळूच ओढायचे. मनकर्णाबाई डोळे उघडून त्यांच्याकडे बघायच्या. "मी हाये इथंच," ते म्हणायचे. "तू बी वड की." त्या बघत राहायच्या, बोट हलायचं नाही. बोटातलं बळ संपलं होतं की मन उठून गेलं होतं, हे त्यांना कधीच कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

थंडीत एका सकाळी त्या गेल्या. बन्सीभाऊ शेजारीच एक रेडिओ उघडून बसले होते. दोरा सैल होता आणि तो तसाच असायचा. मेघानं नंतर त्यांच्या बोटाची गाठ सोडवली. त्यांना ते जमेना.

जलदानविधीनंतर बरेच दिवस दुकान बंद राहिलं. उघडलं तेव्हा मी माझी घंटी घेऊन गेलो. खरं तर त्यांना भेटायलाच, पण हातात काहीतरी हवं होतं. टेबल पुन्हा पुढच्या खोलीत आलं होतं.

"काय झालं हिला?" त्यांनी विचारलं.

"उगाच वाजते. ओढ जरा कमी करून द्या."

त्यांनी घंटी घेतली. पट्ट्या घासल्या, चाक पुसलं, बोटानं फिरवून आवाज ऐकला. बटणाला हात लावला नाही. घंटी माझ्यापुढं सरकवली.

"उगंच नसती वाजत, सर. उठून जात जावा."

मी बरं म्हणालो. ते पडद्याकडे बघत होते.

"मी बी जात व्हतो की," ते म्हणाले. "दर डावाला गेलो. पर जाऊन इचारत बसलो, काय पायजे, काय पायजे. नुसतं बसाया पायजे व्हतं."